सोसायटीतल्या सणांना साजेशी गाणी कशी निवडायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बदली होऊन सांगलीला आलात, सोसायटीच्या सांस्कृतिक समितीत तुम्हाला घेतलं, आणि आता पाडव्यापासून नाताळपर्यंत सगळ्या सणांची गाण्यांची यादी हवी आहे, कारण दर वेळी तीच दहा-बारा गाणी वाजतात अशी लोकांची कुरकुर आहे.

यादी देत नाही. दिली तर पुढच्या वर्षी त्याच यादीवरून कुरकुर सुरू होईल. मी विश्रामबागेत मुलींना गाणं शिकवते आणि आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवते. गाणं ठरवताना मी एवढंच बघते की त्या घटकेला माणसं काय करत असणार आहेत. रांगोळी काढत असतील, फेर धरला असेल, पाळणा हलवत असतील की ताट घेऊन रांगेत उभी असतील? ते कळलं की निम्मी गाणी आपोआप गळतात.

गाण्यात सणाचं नाव आहे म्हणून ते त्या सणाचं, हा हिशेब बहुतेक वेळा फसतो. मोबाइलवर ‘दिवाळी’ टाकून शोधलंत तर भावाची वाट बघणारी बहीण हमखास सापडेल. ते गाणं भाऊबीजेचं, ते लक्ष्मीपूजनाला कशाला? म्हणून कुठलंही गाणं घेण्याआधी त्याचा दुसरा अंतरा ऐका. धुळवडीच्या आणि रंगपंचमीच्या गाण्यांत खरी गोम तिथंच असते. मुखड्यात नुसता रंग-गुलाल असतो, आणि दुसऱ्या अंतऱ्याला समोर शाळकरी पोरं नाचत असताना समितीतल्या काकू एकमेकींकडे बघायला लागतात. लावणीला माझी ना नाही. लावणीकार पठ्ठे बापूराव आपल्याच जिल्ह्यातले, रेठरे हरणाक्षचे. पण लावणी बैठकीत ऐकायची चीज आहे, पाण्याच्या टाकीजवळ रंग खेळताना ती वाया जाते. तिथं हलगी पुरते.

आता वेळेचं. जन्मोत्सवांच्या वेळा ठरलेल्या आहेत आणि गाण्याची निम्मी निवड त्याच करतात. रामाचा जन्म भर दुपारी बाराला, कृष्णाचा मध्यरात्री, मारुतीचा सूर्योदयाला, दत्ताचा तिन्हीसांजेला. चौघांनाही पाळणाच म्हणतात, पण दुपारी बाराचा पाळणा उन्हात, भरल्या मांडवात, खड्या आवाजात म्हणायचा असतो, आणि मध्यरात्रीचा हळू. तो तसा म्हणावाच लागतो, कारण रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद ठेवायचा असा नियम आहे. सरकारने ठरवून दिलेल्या वर्षातल्या जास्तीत जास्त पंधरा दिवसांना बारापर्यंत सवलत मिळते, ते दिवस कोणते हे दर वर्षी जाहीर होतं, ते आधी बघून घ्या. गोकुळाष्टमीला तर माइक नसलेलाच बरा. चार बायका पाळण्याच्या दोरीपाशी बसून म्हणतात तेच गाणं खरं, स्पीकरवरचं कुणी ऐकतही नाही.

रामनवमीला ‘गीतरामायण’ लावायचं असेल तर सलग लावून सोडू नका. ते आठवड्याला एक गाणं अशा बेताने लिहिलेलं आहे: १ एप्रिल १९५५, रामनवमीच्याच दिवशी पुणे आकाशवाणीवरून सुरुवात झाली, आणि त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे बावन्नाची छप्पन गाणी झाली. लिहिणारे गदिमा आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे, म्हणजे ते तुम्ही वाजवलंत तर सांगलीकर खूशच होतील. पण प्रत्येक गाण्याला आपला प्रसंग आहे आणि आपला बोलणारा आहे. सकाळी दशरथाच्या घरातली गाणी घ्या, बाराला जन्माचं, आणि तिथंच थांबा. सुंठवडा वाटताना वनवासाचं गाणं सुरू होतं ते कुणीतरी सगळी यादी चालू करून जेवायला गेलेलं असतं म्हणून.

गणपतीत वेगळंच दुखणं असतं. आरतीला रेकॉर्ड लावतात आणि मग माणसं तोंडं मिटून टाळ्या वाजवतात. कारण आळस नाही, पट्टी आहे, म्हणजे पेटीवरच्या ज्या स्वराला सा धरून गातात तो. गाणाऱ्या बाईंची पट्टी काळी चार किंवा पाच (पेटीची चौथी-पाचवी काळी पट्टी) असते, पुरुषांचा आवाज काळी एक-दोनला मोकळा होतो. रेकॉर्डच्या पट्टीत पुरुष एक तर किंचाळतील नाहीतर गप्प बसतील. समर्थांच्या ‘सुखकर्ता’चा आवाका लहान आहे, त्यामुळे पेटीवर काळी तीन धरली तर बायकांना जरा खाली आणि पुरुषांना जरा वर, पण सगळ्यांचं भागतं. पेटी नसेल तर मोबाइलवरचा तंबोरा चालेल. एकाने सूर धरायचा, बाकीच्यांनी उचलायचं. लय मात्र कुणी एकाने हातात ठेवा, नाहीतर तिसऱ्या आरतीपासून जी पळापळ सुरू होते ती ‘घालीन लोटांगण’ला शर्यत होऊनच संपते. रेकॉर्ड लावायची तर दुपारी लावा, मांडवात दोन म्हातारी माणसं आणि राखणीचा मुलगा असतो तेव्हा. अभंग, संथ भजनं, बारीक आवाजात. वस्तीत दिवसाची मर्यादा पंचावन्न डेसिबल आहे, म्हणजे दोन माणसं नीट बोलू शकतील एवढाच आवाज. विसर्जनाला लेझीम असेल तर गाणं लावूच नका, लेझमीचे हात हलगीवर चालतात. गाण्याचा ठेका वेगळा पडला की पोरं तिसऱ्या हाताला चुकतात.

पुण्याकडून आला असाल तर भोंडला म्हणत असाल, इकडे तो हादगा. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की सुरू होतो, मधे पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत जायचं, आणि शेवटी खिरापत ओळखायची. कुठल्याही परिस्थितीत हादग्याला रेकॉर्ड वाजवू नका, असं मी हट्टाने सांगेन. ही गाणी ताणण्यासाठीच रचलेली आहेत. सुनेला माहेरी जायचंय, सासू एकेक काम सांगते, मग सासरा, मग दीर, मग नणंद. एकेका नातलगाला एकेक कडवं. फेर रंगला असेल तर जाऊबाई घ्या, मामेसासू घ्या, कुणाची तरी खरीखुरी आत्या घ्या. खिरापत अजून गॅसवर असेल तर आणखी दोन नणंदा घ्या. रेकॉर्डवरचं गाणं चार मिनिटांत संपतं आणि फेर अर्ध्यात उभा राहतो. शिवाय रेकॉर्डला हल्ली खाली ढोलकीचा जलद ठेका घातलेला असतो. फेराची चाल म्हणजे साठीच्या बाईला आणि सहा वर्षांच्या मुलीला एकमेकींचा हात न सोडता चालता येईल ती. गाणारी बाई फेरात न ठेवता मधे हत्तीच्या पाटाशी बसवा, म्हणजे सगळ्यांना सारखं ऐकू जातं आणि तिला दमही पुरतो. नवरात्रात गरबा घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, पण हादग्यानंतर. आधी गरबा झाला की नंतर फेरात कुणी उभं राहत नाही.

पावसाच्या गाण्यांबद्दल तुम्ही बाहेरून आलात म्हणून मुद्दाम लिहिते. श्रावणातल्या कार्यक्रमाला पाऊसगाणी हा सगळ्यांचा आवडता बेत. सांगलीत तो बेत ठरवण्याआधी आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी बघतात. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती, घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं, आणि त्या वर्षी पुष्कळ मंडळांनी गणपती साधेपणाने बसवला. तुमच्या सोसायटीतही त्या पाण्यातून निघालेली घरं असणार. मुसळधार पावसाला ‘ये ये’ म्हणणारं गाणं त्यांच्यासमोर जुलै-ऑगस्टमध्ये लावताना जरा विचार करा. हेच गाणं जतला, आटपाडीला किंवा पलीकडे साताऱ्याच्या माण-खटावला लावलंत तर तिथं ती प्रार्थना असते, माणसं हात जोडतील. एकाच जिल्ह्यात पूर्व-पश्चिम एवढा फरक आहे. मी श्रावणात नागपंचमीची गाणी घेते. शिराळ्याकडच्या, माहेराला आलेल्या पोरींची, झोक्याची. त्यात पाऊस असतोच, पण अंगणातला.

दिवाळी पहाट तुम्हाला करायची आहे असं दिसतं, कारण हल्ली सगळ्यांनाच करायची असते. त्यात पहिली अडचण घड्याळाची. कार्यक्रम साडेपाचला ठेवला तर उघड्या मैदानावर सहापर्यंत माइक चालणार नाही. हे मला वरदान वाटतं. पहिला अर्धा तास नुसता तंबोरा आणि गळा ठेवा. मिरज इथून दहा किलोमीटरवर, सतार-तंबोरे तिथं बनतात, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. ओळखीने एक जोडी तंबोरे मिळतातच. अंधार असेपर्यंत ललत राग, उजाडताना भैरव किंवा अहिर भैरव, ऊन आलं की तोडी, मग अभंग, आणि लोक चहाकडे बघायला लागले की नाट्यपदं. सांगलीत नाट्यपद टाळता येत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच मराठी नाटकाचा पहिला खेळ केला, बालगंधर्व नागठाण्याचे. प्रेक्षकांत निम्म्या लोकांना पदं पाठ असतात आणि ते गायकाच्या आधी समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येतात. शेवटी भैरवी. भैरवी झाली की पुढे काही नाही, हे निवेदकाला दम देऊन सांगा. दर वर्षी कुणी पाहुणे ‘आणखी एक होऊन जाऊ दे’ म्हणतात आणि निवेदक त्यांचं मन मोडत नाही. गाण्याची वेळ म्हणजे काय हे कानांनी समजून घ्यायचं असेल तर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या वेळी किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, तिथं जाऊन बसा. माझ्या शिकवणीपेक्षा ते बरं.

काही सणांना गाणं नसलेलंच चांगलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उखाणे आहेत, त्यावर गाणं लावलं तर उखाणा ऐकू येत नाही. बेंदराला (पोळा म्हणू नका इकडे, लोक हसतील) बैलामागे हलगी. झेंडावंदनाला राष्ट्रगीत स्वतः म्हणा, बावन्न सेकंदांसाठी स्पीकर लागत नाही. १ मेला राज्यगीत आहेच.

मोहरम तुमच्या यादीत ‘सण’ म्हणून असेल तर ती ओळ खोडा. तो दुखवट्याचा महिना आहे. कडेगावचे उंच ताबूत आणि त्यांच्या भेटी बघायला सगळ्या जातिधर्माची माणसं जातात, तुम्हीही जा, पण सोसायटीच्या ग्रुपवर त्या दिवशी शुभेच्छा आणि नाचाचं गाणं टाकू नका. नाताळला मात्र नेहमीचं घंटांचं इंग्रजी गाणं सोडून मराठी काहीतरी घ्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीच्या चालीत ख्रिस्ती भजनं लिहिली आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ते साताऱ्यात होते. मिरजेत मिशनचा दवाखाना एकोणिसाव्या शतकापासून आहे, त्यामुळे ही भजनं पाठ असलेलं एखादं घर तुमच्या आसपास असण्याची शक्यता बरीच. त्यांनाच गायला बोलवा. टाळ-पेटीवर ती भजनं आमच्या मंडळालाही सहज जमतात.

वर्षाचा तक्ता करताना इंग्रजी तारखा आधी लिहू नका. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. हस्त नक्षत्र मात्र सूर्यावर चालतं, ते सप्टेंबरच्या शेवटीच लागणार. म्हणजे त्या वर्षी हादगा नेमका पितृपंधरवड्यात येतो आणि घट बसायच्या आत संपतो. बऱ्याच सोसायट्या अशा वेळी हादगा नवरात्रात घेतात. तुमच्याकडे काय करायचं ते आत्ताच जुन्याजाणत्या बायकांना विचारून ठरवा, कारण गाणारी बाई नवरात्रात चार ठिकाणी बांधलेली असते. ऑगस्टमध्ये विचारलंत तर ती मिळेल.