आकडा गावाचा की माणसांचा?

प्रश्न : इटलीतल्या क्राको या ओसाड गावाचे फोटो पाहिले. सोबत लोकसंख्या दिली होती : १२७७ साली ४५०, १५६१ साली २,५९०. इतकी जुनी मोजणी झाली कशी? आणि गाव रिकामं असताना तिथं आजही काही शे माणसं कशी दाखवतात?
– एक वाचक, ता. औसा

उत्तर : आधी एक सांगतो, हे पोलंडचं क्राकोव नव्हे. हे क्राको दक्षिण इटलीत, बाझिलिकाता प्रांतात, टेकडीवर आहे. १५६१ साली हा मुलूख नेपल्सच्या राज्यात होता. तिथं पंधराव्या शतकापासून कर बसे तो चुलीवर, म्हणून मोजत त्याही चुलीच. आपल्याकडं ‘शंभर उंबऱ्याचं गाव’ म्हणतात, तसंच. तेव्हा २,५९० हा आकडा अंदाजाचाच समजा. डोकी मोजणारी राष्ट्रीय जनगणना इटलीत १८६१ पासूनची.

१६५६ च्या प्लेगनं शेकडो माणसं नेली. पुढं शेती पिकेना, म्हणून १८९२ ते १९२२ या काळात तेराशेच्या वर लोक अमेरिकेकडं गेले. टेकडी चिकणमातीची. १९६३ साली ती घसरू लागली, तेव्हा लोकांना खाली दरीत, क्राको पेस्किएरात, हलवलं. १९८० च्या भूकंपानंतर वरचं गाव पूर्ण सुटलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला फार जवळचा आहे. जनगणना मोजते ती नगरपालिकेची हद्द. माणसं टेकडीवरून खाली आली तरी नगरपालिका क्राकोच, म्हणून आकडे चालू राहिले.

हे तुमच्या तालुक्यानंही भोगलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात दगड-मातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद झोपलेल्यांवर कोसळलं. पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवली. मी भूगोलाचा शिक्षक. २००१ च्या जनगणनेत अशाच एका नव्या गावठाणात प्रगणक होतो. कॉलनीसारख्या सरळ गल्ल्या, एकसारखी घरं. एक आजी म्हणाल्या, “लिव्हा बाबा. पर आमचं घर खाली जुन्या गावात हाय. हितं नुसतं ऱ्हातो.” माझ्या फॉर्मात त्यासाठी रकाना नव्हता. कुटुंबातली माणसं लिहिली आणि पुढच्या दारात गेलो. १९९१ आणि २००१ च्या तक्त्यात त्या गावाचं नाव तेच आहे. मधल्या रात्री काय झालं ते तक्ता सांगत नाही, म्हणून नुसत्या आकड्यावर मी कधीच विसंबत नाही.

तुमच्या गावाचं पाहायचं असेल तर जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावनिहाय लोकसंख्या मिळते. १९५१ च्या आधीचं हैदराबाद संस्थानाच्या जनगणनेत शोधावं लागेल. त्याच्या जोडीला एक काम लवकर करा. जुनं गाव पाहिलेली माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून गावठाणाचा नकाशा काढून घ्या : वेस कुठं, आड कुठं, कुणाच्या घराला कुणाचं घर लागून होतं.