नेदरलँड्समध्ये मुलांना इंटरनॅशनल शाळेत घालावं का? एवढी फी भरून नेमकं काय मिळतं?

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांची आइंडहोवनला बदली होतेय, मुलगी दहा वर्षांची आहे, मुलगा साडेचार वर्षांचा, आणि डच शाळा जवळजवळ फुकट असताना इंग्रजी माध्यमाच्या इंटरनॅशनल शाळेला पैसे का मोजायचे हे कळत नाहीये. सहा वर्षांपूर्वी पुण्याहून इथे आलो तेव्हा आमच्याही घरात रोज रात्री हीच चर्चा चालायची. शेवटी थोरलीला इंटरनॅशनल शाळेत घातलं आणि धाकट्याला घरामागच्या डच शाळेत. तुमच्या जागी मी आजही हेच करीन.

आधी मुलीचं बघा. डच पद्धतीत मूल साधारण बारा वर्षांचं झालं की ते पुढे कुठल्या प्रकारच्या माध्यमिक शाळेत जाणार हे ठरतं: व्हीएमबीओ (व्यवसायाकडे नेणारी), हावो (मधली) की व्हीडब्ल्यूओ (सर्वांत वरची, अभ्यासाची). विद्यापीठाची सरळ वाट व्हीडब्ल्यूओतून जाते. म्हणजे तुमच्या मुलीच्या हातात नवी भाषा शिकायला जेमतेम दोन वर्षं. गणितात हुशार असलेली पोरं निव्वळ डच कच्चं म्हणून खालच्या गटात गेलेली मी पाहिली आहेत. पुढे वर चढता येतं, पण त्यात वर्षं जातात आणि मुलांचा धीर खचतो.

इंटरनॅशनल शाळेत ही चाळणी नाही. माध्यमिकला बहुतेक ठिकाणी आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा अनेक देशांत चालणारा अभ्यासक्रम असतो. शेवटच्या दोन वर्षांच्या डिप्लोमात सहा विषय, त्यातले तीन सहसा वरच्या पातळीचे. प्रत्येक विषयाला ७ गुण, शिवाय ४००० शब्दांचा निबंध आणि थिअरी ऑफ नॉलेज (आपल्याला एखादी गोष्ट कळते ती कशी, याचा विषय) मिळून ३, असे एकूण ४५. हाच डिप्लोमा सिंगापूरला, दुबईला आणि पुण्यातही आहे. तीन वर्षांनी कंपनीने दुसरीकडे पाठवलं तरी मुलीला पुन्हा पाटी कोरी करून बसावं लागत नाही. फिरतीची नोकरी असलेल्या घरासाठी माझ्या मते फीचा खरा मोबदला हाच.

आणि शिकवण्याची पद्धत. पहिल्याच वर्षी शाळेने पालकसभेला बोलावलं. आम्ही नेहमीप्रमाणे तक्रारी ऐकायच्या तयारीने गेलो, तर बाई कोपऱ्यात बसलेल्या आणि सभा घेणार होती आमची मुलगी. तिने स्वतःची फाईल उघडली, कागदाचा पूल का कोसळला आणि दुसऱ्यांदा घड्या उभ्या घातल्यावर का टिकला ते सांगायला लागली, आणि अडखळली. बाई म्हणाल्या, ‘तुझ्या भाषेत सांग, आईबाबांना कळायला हवं.’ मग पोरीने वीस मिनिटं मराठीत घडाघडा सांगितलं. निघताना बाईंनी आम्हाला निक्षून सांगितलं की घरी मराठीच बोला, इंग्रजी आमच्यावर सोडा. इंग्रजीत मागे असलेल्या मुलांना शाळा वेगळे तास देते, त्यामुळे तिचं काही अडलं नाही.

घरच्यांनाही शाळा खूप देते. वर्गात सगळेच कुठून कुठून आलेले, त्यामुळे नवीन येणाऱ्याला काय लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला इथला डॉक्टर, सायकलचं दुकान, पहिली मैत्रीण, सगळं शाळेच्या फाटकापाशी मिळालं.

फीचं म्हणाल तर इथे दोन तऱ्हा आहेत. सरकारी अनुदान असलेल्या इंटरनॅशनल शाळांची फी वर्षाला काही हजार युरो असते, पूर्ण खासगी शाळांची त्याच्या दुप्पट-तिप्पट. अनुदानित शाळेसाठी नोकरी ठराविक मुदतीची असल्याचं कंपनीचं पत्र सहसा लागतं. मिस्टरांना थर्टी पर्सेंट रूलिंग (परदेशातून आलेल्या नोकरदाराच्या पगाराचा काही भाग करमुक्त ठेवणारी इथली सवलत) मिळणार असेल तर कंपनी शाळेची फी त्याच्या वर करमुक्त देऊ शकते. हे ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वी बोलून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही.

आता जे मिळत नाही ते. आमची थोरली चार वर्षं इथे राहून बेकरीत पाव मागायला धाकट्या भावाला पुढे करायची. गल्लीतल्या मुली तिच्या मैत्रिणी झाल्याच नाहीत, तिच्या मैत्रिणी शहरभर विखुरलेल्या आणि दर जूनमध्ये त्यातली एखादी देश सोडून जाणारी. ते रडणं मला अजून आठवतं. शाळेत डचचे तास असतात, पण तेवढ्याने भाषा येत नाही. आम्ही तिला उशिरा हॉकी क्लबला घातलं, तुम्ही पहिल्याच वर्षी घाला. धाकटा मात्र सहा महिने गप्प होता आणि वर्षभरात डचमध्ये भांडायला लागला. म्हणून साडेचार वर्षांच्या मुलासाठी मी पैसे भरणार नाही, तुम्ही दोन वर्षांत परतणारच असाल तर गोष्ट वेगळी.

भारतात परतायचं असेल तर आयबी डिप्लोमाला बारावीशी समकक्षता आहे. पण इंजिनिअरिंग किंवा मेडिकल डोक्यात असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री आणि सोबत गणित किंवा बायॉलॉजी हे विषय डिप्लोमाच्या सुरुवातीलाच घ्यावे लागतात. जेईईचा अभ्यास आयबीच्या शिकवण्यात होत नाही, तो वेगळा करावा लागेल.

गणपतीला आठ दिवस घरी जाऊन येऊ असं मनात असेल तर ते काढून टाका. इथे पाचव्या वर्षापासून शाळा सक्तीची आहे, इंटरनॅशनल शाळेलाही तोच कायदा, आणि परवानगीशिवाय दांडी मारली तर दंड होतो.

जागांसाठी प्रतीक्षायादी असते, तेव्हा घर शोधण्याआधी शाळेचा अर्ज करा. मुलीची मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं इंग्रजीत, सही-शिक्क्यासह, निघण्यापूर्वीच घेऊन ठेवा. आम्ही ती इथे आल्यावर मागवली आणि त्यात दोन महिने पोर घरी बसून होती.