केसपेपरवर 'ईडी' लिहिलंय, म्हणजे नेमकं काय?

मिस्टरांच्या केसपेपरवर 'डीएम ८ वर्षे, ईडी ६ महिने' असं लिहिलंय, त्याचा अर्थ काय आणि घाबरण्यासारखं आहे का, असं तुम्ही विचारलंय.

ताई, ही धाड टाकणारी ईडी नव्हे. नाशिकला अशोक स्तंभाजवळ माझं मेडिकल आहे. हल्ली 'ईडी' म्हटलं की काउंटरवरची माणसं आधी हसतात आणि मग गप्प होतात.

इथे ईडी म्हणजे इरेक्टाइल डिस्फंक्शन. संबंधाच्या वेळी पुरेसा ताठरपणा येत नाही, किंवा आलेला टिकत नाही, आणि हे वरचेवर होतं. दमलेल्या माणसाचं एखाद्या रात्री असं झालं तर त्याला ईडी म्हणत नाहीत, साधारण तीन महिने तरी चालू असावं लागतं. मूल होणं न होणं हा वेगळा विषय, आणि लवकर वीर्यपतन होण्याला डॉक्टर 'पीई' लिहितात. आपल्याकडे या तिन्हींना सरसकट 'नपुंसक' म्हणून मोकळे होतात. इंग्रजीतही पूर्वी असाच एक शब्द होता, 'इम्पोटन्स'. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९२ साली भरवलेल्या परिषदेत तो सोडून हे नाव वापरावं असं ठरलं. पहिल्या नावात माणसावर शिक्का बसत होता, या नावात फक्त तक्रार सांगितली आहे. मला हा बदल फार शहाणपणाचा वाटतो.

आता एक खास काउंटरवरची गोष्ट. अक्षरं कागदावर कुठे आहेत ते बघा. वर तक्रारींच्या ओळीत, मधुमेहाच्या शेजारी असतील तर ईडीच. पण गोळीच्या नावापुढे असतील तर ते बहुधा 'ओडी' असतं, म्हणजे दिवसातून एकदा. घाईत लिहिलेला ओ आणि ई सारखेच दिसतात. बीपीच्या गोळीपुढचं ओडी ईडी समजून एक काका भलतेच कावरेबावरे झाले होते. परदेशातल्या कागदांवर ईडी म्हणजे इमर्जन्सी विभागही असतो, आपण ज्याला कॅज्युअल्टी म्हणतो तो.

तुमच्या कागदावर आधी डीएम, म्हणजे डायबेटिस, आणि त्याच्यामागे ईडी आहे. हा क्रम महत्त्वाचा. जुन्या साखरेने रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही खराब होतात. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून बिघाड तिथे आधी जाणवू शकतो. हृदयाचा त्रास असलाच तर तो पुढे काही वर्षांनी कळतो. म्हणून डॉक्टरांनी साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, ईसीजी करायला सांगितलं तर 'याचा त्याच्याशी काय संबंध' म्हणू नका. सकाळी उठताना ताठरपणा येतो का, असंही ते विचारतील. येत असेल तर कारण मनाच्या बाजूला असण्याची शक्यता वाढते. बीपीच्या काही गोळ्यांनीही हा त्रास होतो, पण त्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

गोळ्यांचं म्हणाल तर सिल्डेनाफिल मुळात छातीच्या दुखण्यावर शोधत होते. १९९८ साली अमेरिकेत तिला ईडीसाठी मान्यता मिळाली. तिचा असर चार-पाच तास, याच कामाच्या दुसऱ्या गोळीचा, टाडालाफिलचा, छत्तीस तासांपर्यंत. पण मिस्टर सॉर्बिट्रेट किंवा हृदयाची दुसरी कुठली नायट्रेटची गोळी घेत असतील तर यातली एकही चालत नाही, बीपी धाडकन खाली जाऊन जीवावर बेतू शकतं. भिंतीवरच्या जाहिराती बघून 'ताकदीची पुडी' आणणाऱ्यांची मला भीती वाटते ती यामुळेच. अशा काही पुड्यांत गुपचूप हेच औषध मिसळलेलं सापडलंय.

माझीही एक चूक सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एकाने चार घड्या घातलेली चिठ्ठी पुढे सरकवली आणि मी नेहमीच्या सवयीने पोराला ओरडून सांगितलं, "ती सिल्डेनाफिल काढ रे!" शेजारी खोकल्याचं औषध मागणाऱ्या दोन बायका उभ्या होत्या. मी वळेपर्यंत माणूस निघून गेला होता, चिठ्ठी काउंटरवर तशीच. तेव्हापासून मी असल्या गोळ्या स्वतः उठून काढतो.

मिस्टर मेडिकलात जायला लाजत असतील तर दुपारी तीनच्या सुमारास पाठवा. तेव्हा काउंटरवर सहसा कुणी नसतं.