माळ्यावरची पुस्तकं आधी खाली काढा

पत्र थोडक्यात: कऱ्हाडजवळच्या गावातून एका वडिलांनी लिहिलंय. मुलगा अकरावी सायन्सला, दहावीला ८६ टक्के. कॉलेज आणि क्लास सांभाळून रात्री पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांवरची जाडजूड पुस्तकं वाचतो. "एवढंच वेड असेल तर एनडीएचा क्लास लावतो म्हटलं, तर तेही नको. 'मला लढायचं नाही, त्यांचं काय झालं ते बघायचंय' म्हणतो. मी पाहुण्यांसमोर बोललो, लढाया वाचायला शूर आणि भरतीचं नाव काढलं की पळपुटा. पुस्तकं माळ्यावर टाकलीत. आता माझ्या पणजोबांचं पदक हुडकायला ट्रंका उपसतोय. ते बसऱ्याच्या लढाईला जाऊन आले होते. याचं करिअर कशात होईल?"

उत्तर:

टक्क्यांचं आणि करिअरचं नंतर बघू. तुमच्या पत्रातला मला खुपलेला शब्द 'पळपुटा' आहे, आणि तो तुम्ही पाहुण्यांसमोर वापरलात. ज्या जिल्ह्यात अपशिंगेसारख्या गावाच्या नावापुढेच 'मिलिटरी' लागतं, तिथं सतरा वर्षांच्या पोराला हा शब्द किती लागतो हे मी तुम्हाला सांगायला नको. शिवाय तो पळालेला नाही. तुम्ही विचारलंत, त्यानं सरळ उत्तर दिलं. माझ्यासमोर बसणाऱ्या दहातल्या नऊ मुलांना आपल्याला काय हवंय हे एका वाक्यात सांगता येत नाही. तुमच्या मुलानं सांगितलं, आणि तुम्ही पुस्तकं माळ्यावर टाकलीत.

सैनिकांबद्दल वाचतो म्हणजे सैनिक व्हायचं असणार, हा घोळ बऱ्याच घरांत होतो. कूतचंच घ्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ ब्रिटिश हिंदी फौजेतली सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमारा इथं तुर्कांच्या वेढ्यात अडकली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. शिधा संपत आला तशी घोडी कापायला सुरुवात झाली. बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. धर्मगुरूंची मुभा आणवली तरी नाही. गावी परतल्यावर भाऊबंद काय म्हणतील, ही धास्ती. भाजीपाला नाही, म्हणून स्कर्व्हीनं माणसं लोळली. एप्रिल उजाडल्यावर अनेकांनी ते मांस अखेर तोंडात घातलं आणि महिना संपायच्या आत शरणागती झाली. मग कैद्यांना उन्हातून चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्यात हजारो मेले. त्यांचे सेनापती टाउनशेंड साहेब तेवढा काळ इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात होते. हे नीट लिहिलेलं वाचल्यावर भरतीच्या रांगेत उभं राहावंसं वाटेलच असं नाही. त्या शिपायांच्या ताटात काय होतं, घरी काय कळवलं, परत किती आले, हे प्रश्न मात्र डोक्यातून जात नाहीत. तुमच्या घरातूनच एक माणूस त्याच मुलखातल्या बसऱ्याला जाऊन आलेला असताना तर मुळीच नाही.

आज रात्री त्याला एवढंच विचारा: "हे सगळं लेखकाला कळलं कुठून?" दरडावून नको, जेवताना विचारा. पलटणीची रोजची डायरी, दवाखान्याच्या नोंदी, फ्रान्सहून शिपायांनी घरी धाडलेली आणि सेन्सॉरनं इंग्रजीत उतरवून ठेवलेली पत्रं, असं काही तो बोलायला लागला तर समजा की पोरगं पुस्तकाच्या मागच्या टिपाही वाचतंय. त्यातल्या कित्येकांना लिहिता येत नव्हतं, सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, मग पत्रातला आवाज नेमका कुणाचा, इथपर्यंत तो गेला तर मला परत लिहा. आणि नुसत्या तोफा नि नकाशेच सांगत बसला, तर तो छंद आहे. तोही राहू द्या. इंजिनिअरनं रात्री इतिहास वाचायला कुणाची हरकत नसते.

आता दोन शब्द मुलासाठी. चाळीस पुस्तकं वाचली ही पात्रता नाही, बाळा. वाचण्याचा पगार कुणी देत नाही. एका पुस्तकातला एक प्रसंग घे, दुसऱ्या पुस्तकाशी ताडून पाहा, कुठे जुळत नाही ते दोन पानांत लिही. दर महिन्याला एक. वर्षभरानं तुझं तुलाच कळेल. इंग्रजी पक्कं कर आणि मोडी शिक. २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांसाठी केवढी धावाधाव झाली, ते आठवतंय ना?

मार्ग नेहमीचेच आहेत: बारावी सायन्स पूर्ण करा, शाखा आत्ता मध्येच बदलू नका, मग इतिहासात बीए, एमए, पुढे नेट-सेट, किंवा पुणे विद्यापीठातला संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग. एनडीएच्या आर्मी विंगला कुठल्याही शाखेची बारावी चालते, हेही जाता जाता सांगतो, उद्या त्याचंच मन बदललं तर. संरक्षण मंत्रालयाचा स्वतःचा इतिहास विभाग आहे. युद्ध संपल्यावर पाच वर्षांत त्याचा इतिहास तयार व्हावा, असं २०२१ च्या धोरणात म्हटलंय. पण पगाराच्या जागा मोजक्या आहेत. कॉम्प्युटरवाल्या पुतण्याएवढा पगार पहिल्या वर्षी मिळणार नाही. हे आजच मनाशी ठरवा, म्हणजे त्यावरून पुन्हा पाहुण्यांसमोर बोलणं व्हायचं नाही.

राहिलं पदक. ते शोधायला तुम्हीही ट्रंकेपाशी बसा. बसऱ्याचं युद्धस्मारक बांधलं तेव्हा हिंदी सैनिकांपैकी अधिकाऱ्यांची नावं त्यावर आली. साध्या शिपायांचा प्रत्येक पलटणीखाली नुसता आकडा होता. पदकांचं तसं नव्हतं. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर त्या माणसाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. अनेक घरांतली चांदीची पदकं अडीनडीला सोनाराकडे गेली. तुमचं सापडलं, तर कड भिंगाखाली धरा आणि मुलाला वाचू द्या. तो अक्षरं उतरवून घेईपर्यंत घरात कुणी ते चिंच-रांगोळीनं घासायला घेऊ नका.