४५ दिवस आणि न जुळलेला हिशेब

"मॅडम, नोकरी सोडू का?"

१५ फेब्रुवारी २०२५, शनिवार. सायली खुर्चीत नीट टेकलीही नव्हती, तेवढ्यात तिने हे विचारून टाकलं. (नाव बदललं आहे, आणि ओळख पटेल असे बारीकसारीक तपशीलही.) एमबीएची सीईटी १ ते ३ एप्रिलला होती. फॉर्म भरून झाला होता, अभ्यास 'सुरू करायचा' होता. हातात ४५ दिवस.

दरवर्षी या सुमाराला माझ्याकडे असे चार-पाच जण तरी येतात. कुणाला नोकरी असते, कुणाचं पदवीचं शेवटचं वर्ष असतं, एखादीचं नुकतंच लग्न झालेलं असतं. विचारायचं सगळ्यांना एकच असतं: एवढ्या दिवसांत काही होण्यासारखं आहे का, की सरळ पुढच्या वर्षी बघू? त्यांतली सायलीची गोष्ट सांगतेय, कारण तिच्या बाबतीत मी आधी चुकले होते.

वय २४, बी.कॉम., नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला. घर पंचवटीत. सकाळी पावणेआठला कंपनीची बस, संध्याकाळी घरी यायला सात. वडील मार्केट यार्डात एका आडत्याच्या पेढीवर दिवाणजी. त्यात पुढचा महिना मार्च. अकाउंट्सवाल्यांना 'मार्च एंड' म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच समजा, की त्या महिन्यात रजा मागणाऱ्याकडे साहेब लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखे बघतात.

नोकरी सोडू नको, असं मी तिथल्या तिथे सांगितलं. एक तर घरात तिच्या पगाराची गरज होती. दुसरं म्हणजे, रिकामा दिवस मिळाला की माणूस अभ्यासच करतो, असं मी फारसं पाहिलेलं नाही. सकाळी दोन तास पुस्तक, मग तीन तास 'कसं होणार', मग यूट्यूबवर कुणाच्या तरी यशाची कहाणी आणि रात्री रडू. नोकरीवाल्याला निदान काळजी करायलाही ठरावीकच वेळ मिळतो.

इथपर्यंत माझं बरोबर होतं. नंतर मी तिला वेळापत्रक करून दिलं. छान, रंगीत. पहाटे साडेचार ते सात गणित, बसमध्ये इंग्रजी वाचन, रात्री साडेआठ ते अकरा लॉजिकल रिझनिंग. पाचव्या दिवशी तिचा फोन आला. बसमध्ये वाचलं की मळमळतं, पहाटे टेबलावरच डोळा लागतो आणि तीन दिवसांचा 'बॅकलॉग' साचलाय. आवाज असा, जणू माझे पैसे बुडवलेत. खरं तर ते वेळापत्रक मी सायलीसाठी केलंच नव्हतं. मनातल्या एका आदर्श विद्यार्थिनीसाठी केलं होतं, आणि ती मुलगी काही अंबडला नोकरीला जात नव्हती.

पुढच्या शनिवारी वेळापत्रक बाजूला ठेवलं आणि तिला माझ्यासमोर बसवून एक पूर्ण सराव परीक्षा सोडवायला लावली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

सीईटीचा पेपर २०० प्रश्नांचा, वेळ १५० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. लॉजिकल रिझनिंगचे ७५, आकृत्यांचे म्हणजे अ‍ॅबस्ट्रॅक्ट रिझनिंगचे २५, गणिताचे ५०, इंग्रजीचे ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. हे सगळं सायलीला तोंडपाठ होतं. तरीही अडीच तासांनी हिशेब निघाला तो असा: सोडवलेले ९६, त्यांतले ८१ बरोबर, आणि १०४ कोरे.

तोंडपाठ असूनही कोरे! त्या सराव परीक्षेत प्रत्येकी पाच पर्याय होते. डोळे मिटून १०४ गोल भरले असते, तरी वीसेक गुण पदरात पडले असते. मी विचारलं, "भरले का नाहीस?"

"येत नव्हते ना, मॅडम. उगाच कसं लिहू?"

परीक्षा चालू असताना मी एक टिपण करून ठेवलं होतं. वर्तुळाकार टेबलाभोवती आठ जण, काहींची तोंडं आत, काहींची बाहेर, त्यावर पाच प्रश्न. या एका कोड्याला तिने ११ मिनिटं दिली. तीनदा वर्तुळ काढलं, तीनदा खोडलं, चौथ्यांदा जमलं. पाचही उत्तरं बरोबर आली आणि चेहरा खुलला. ११ मिनिटांत ४५ सेकंदांचे १४ प्रश्न बसतात. पाच मिळवायला तिने चौदा घालवले होते, आणि तिच्या लेखी ती जिंकली होती.

म्हणजे तिला येत काय नव्हतं? सोडणं.

हे कुठून आलं, ते तिनेच सांगितलं. दिवाणजींच्या घरात रोजमेळ जुळल्याशिवाय पान वाढलं जात नसे. चार आणे कमी पडले, तरी बाबा पुन्हा पहिल्या ओळीपासून बेरीज करायचे आणि सायली शेजारी बसून आकडे वाचून दाखवायची. अर्धवट सोडून उठणं हा त्या घरात आळस नव्हे, लबाडी होती. याच गुणावर तिला अकाउंट्समध्ये नोकरी मिळाली होती, साहेब तिच्या शब्दावर विसंबून असायचे. तिला मी 'हा स्वभाव बदल' कसं सांगणार? आणि का सांगू? फक्त १५० मिनिटांपुरती सूट हवी होती.

मी म्हटलं, "पंगतीत वाढपी येतो. नको असेल तर काय करतेस?"

"हात आडवा. म्हणते, पुढे घ्या."

"वाढप्याचा अपमान होतो?"

ती हसली. मग आम्ही तसाच सराव केला. मी स्टॉपवॉच घेऊन बसायची आणि ती कोडं वाचायची. दीड मिनिटात निदान दोन माणसांच्या जागा पक्क्या झाल्या नाहीत, तर पानावर हात आडवा, तोंडाने "पुढे घ्या". पहिल्या दिवशी दहांपैकी सहा वेळा तिचा हात पेन्सिलीकडेच गेला. 'आता होईलच' हे वाक्य तर मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी त्याला बंदी घातली.

अभ्यासाचे विषयही याच रीतीने निवडले. एका कागदावर तीन रकाने: येतं, येतं पण वेळ लागतो, येत नाही. तिसऱ्या रकान्यात क्रमचय-संचय, संभाव्यता आणि भूमितीचा बराच भाग आला, आणि गंमत म्हणजे गेला आठवडाभर ती नेमकं तेच करत होती, कारण 'कच्चं आहे ते आधी पक्कं करायचं'. शाळेत हे ठीक असतं. ४५ दिवसांत, तेही ३८ उरलेले असताना, सगळी मेहनत मधल्या रकान्यात टाकावी. तिसरा रकाना मी फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकला. तिने तो तिथून उचलून पर्समध्ये ठेवला, हेही सांगते.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट रिझनिंग तिने घाबरून बाजूला ठेवलं होतं. या भागाला ना सूत्र लागतं ना फारसं इंग्रजी, नुसता डोळा तयार व्हावा लागतो. चौकोनात ठिपका, बाण, त्रिकोण असं बरंच काही एकदम फिरत असतं आणि सगळं एकदम बघायला गेलं की गरगरतं. म्हणून एका वेळी एकच वस्तू बघायची. आधी फक्त काळा ठिपका: तो एकेक कोपरा सरकतोय ना? मग तो जिथे पोचायला हवा तिथे नसलेले पर्याय खोडायचे. बहुतेकदा दोन उरतात. मग बाण बघायचा. रोज जेवणानंतर दहा आकृत्या, बस. तीन आठवड्यांत पंचविसांतले अठरा-एकोणीस बरोबर यायला लागले.

बसमधल्या मळमळीवर तोडगा तिच्या बाबांनी काढला. त्यांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे अजून मुखोद्गत. त्यांनी लेकीला सवायकी म्हणायला लावली आणि बसमध्ये डोळे मिटून ती टक्केवारी घोकू लागली: आठवा हिस्सा साडेबारा टक्के, सहावा १६.६७, सातवा १४.२९. आकडेवारीच्या तक्त्यांवरच्या प्रश्नांत याचा जो उपयोग झाला, तो कुठल्याही शॉर्टकटच्या व्हिडिओने झाला नसता. बाबांनी आणखी एक काम अंगावर घेतलं. तिच्या नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपत होती, ते नवीन करायचा अर्ज आणि सेतूच्या चकरा. अभ्यास करणाऱ्याने या रांगांत उभं राहू नये. घरच्यांना 'मी काय मदत करू' असं वाटत असेल, तर हीच करावी.

रंगपंचमीला, १९ मार्चला, तिचा मेसेज: शनी चौकात रहाड (रंगाच्या पाण्याने भरलेला हौद) बघायला जाऊ का? मी 'जा' म्हटलं. शनिवारी आली तेव्हा नखांत रंग तसाच होता आणि त्या दिवशीच्या सराव परीक्षेत पहिल्यांदाच तिने १५० च्या वर प्रश्न नीट सोडवले. रंगपंचमीचा आणि याचा संबंध जोडायचा मोह मी आवरते. उरलेल्या प्रश्नांना शेवटच्या तीन मिनिटांत न वाचता एकच ठरलेला पर्याय. हे करताना ती अजूनही तोंड वाकडं करायची.

हे वाचून कुणी कॅटला, म्हणजे आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेला, असंच करायला जाऊ नका. तिथे १२० मिनिटांत ६८ प्रश्न, तीनही भागांना ४०-४० मिनिटांची कुंपणं आणि पर्याय निवडायचा प्रश्न चुकला की एक गुण वजा. तिथे आंधळे गोल भरले तर खड्ड्यात जाल. आणि इंग्रजी उतारा वाचून समजायलाच अडचण येत असेल, तर ती दीड महिन्यात भरून निघत नाही. अशा मुलांना मी स्पष्टच सांगते, यंदा अनुभव म्हणून दे, खरी तयारी आजपासून पुढच्या वर्षाची. सायलीचा पाया पक्का होता, म्हणून ४५ दिवस पुरले. पुरले म्हणजे तरी किती? निकालात ९४ च्या घरातलं पर्सेंटाइल. म्हणजे शंभरातले सहाएक जण तिच्या पुढे. मुंबईच्या बजाज इन्स्टिट्यूटचं स्वप्न फार वर राहिलं, तिथे शंभराला अगदी खेटून असावं लागतं. कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, पुण्याचं एक कॉलेज मिळालं. तिसऱ्या पसंतीचं.

तिची परीक्षा २ एप्रिलला, दुपारच्या पाळीत होती. १ आणि २ ची रजा तिने फेब्रुवारीतच लेखी घेऊन ठेवली होती. ३० मार्चला गुढीपाडवा झाला आणि ३१ ला रात्री साडेआठला तिचा ऑफिसातून फोन आला.

"मॅडम, बँक रिकन्सिलिएशनमध्ये ११ रुपये ८० पैशांचा फरक येतोय. दोन तास शोधतेय."

मी काहीच बोलले नाही. पलीकडे माऊसचे आवाज येत होते. मग ते थांबले. "पुढे घ्या," ती म्हणाली, मला की स्वतःला कोण जाणे, आणि कॉम्प्युटर बंद करून घरी गेली.

तो फरक तिला ४ तारखेला सापडला. बँकेने कसल्याशा चार्जेसचे १० रुपये कापले होते, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी.