घरच्या पीसीवर फ्री अँटीव्हायरस कसा सेट करू? अपडेट सारखं फेल होतंय

तुमचा पीसी असेंबल केलेला, विंडोज १० चा. त्यावर दोन फ्री अँटीव्हायरस, नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून, आणि चादरीच्या डिझाइनचा पेन ड्राइव्ह जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी ये-जा करतो. मी इथल्याच टॉवेलवाल्यांचे बिलिंगचे पीसी बघतो, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे.

आधी ते दोन्ही अँटीव्हायरस काढा. एकाच फाइलवर दोघं एकदम झडप घालतात, पीसी रखडतो आणि अपडेटही अडकतं. शिवाय बाहेरचा अँटीव्हायरस आला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपणहून बाजूला होतो. घरच्या कामाला डिफेंडर पुरतो असं माझं स्पष्ट मत आहे. तो फुकट आहे आणि ‘प्रीमियम घ्या’ म्हणून मागे लागत नाही. दोन्ही काढून रिस्टार्ट केलं की तो परत चालू होतो. नाही झाला तर जुन्याचे अवशेष राहिलेत असं समजा. त्या कंपनीच्या अधिकृत साइटवरचं रिमूव्हल टूल चालवा.

मग ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये खाली ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा. शेवटचं अपडेट कधी झालं ते तिथंच दिसतं. नव्या व्याख्या, म्हणजे व्हायरस ओळखायच्या खुणांच्या याद्या, दिवसातून अनेकदा येतात. तिथं आठवड्यापूर्वीची तारीख दिसत असेल तर काहीतरी नक्की अडलंय.

तुमच्याकडं काय अडलं असेल? हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू असेल तर डेटा वाचावा म्हणून विंडोज अपडेट रोखून धरतं. ते बंद करा, नाहीतर रोज हातानं ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा. दुसरं, कोपऱ्यातलं घड्याळ बघा. तारीख चुकीची असली की अपडेटच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट पीसीला पटत नाही. लाइट गेल्यावर तारीख दरवेळी मागं जात असेल तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी बदला. ती कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात स्वस्तात मिळते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या पानावर ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये अगदी खाली ‘एक्सक्लुजन्स’ (तपासायचं नाही अशांची यादी) आहे, तेवढं उघडून बघाच. क्रॅक सॉफ्टवेअर टाकताना अँटीव्हायरसनं ओरडू नये म्हणून तो फोल्डर, कधी कधी अख्खा सी ड्राइव्ह, या यादीत घालून ठेवलेला असतो. मग वर हिरवी खूण दिसते, पण आत तपासणी होतच नाही. तुम्ही स्वतः न घातलेली प्रत्येक नोंद काढून टाका. विंडोजच क्रॅक असेल तर अपडेटची सर्व्हिसही बंद केलेली असू शकते. तिथं नुसती सेटिंग बदलून भागणार नाही, अस्सल विंडोज टाकून घ्या.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरच्या व्याख्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देऊ असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलंय, पण विंडोजमधली भोकं त्यानं बुजत नाहीत. मशीन ११ ला चालत असेल तर अपग्रेड करा.

राहिला पेन ड्राइव्ह. डिफेंडरच्या ‘फुल स्कॅन’मध्ये पेन ड्राइव्ह मुळात धरलेलाच नसतो. कारखान्यातून आला की आतलं काही उघडायच्या आधी ‘धिस पीसी’मध्ये त्याच्यावर राइट क्लिक करून ‘स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ द्या. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसले तर एकालाही डबल क्लिक करू नका. तुमची डिझाइन्स बहुतेक वेळा आतच लपवलेली असतात, स्कॅननंतर ‘हिडन आयटम्स’वर टिक केली की बऱ्याचदा दिसतात. आणि डिझाइन्सची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवा, कॉपी झाली की तिची केबल लगेच काढा. रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) घुसलं तर जोडलेली डिस्कही त्याच्या तावडीत सापडते.