हाताने बरोबर, स्क्रिप्टने चूक

प्रश्न : बेसप्लेटसाठी ऑटोकॅडची (संगणकावर ड्रॉइंग काढण्याचं सॉफ्टवेअर) स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने आज्ञा लिहिलेली फाइल, लिहिली आहे. ३०० × २०० चा आयत, कडांपासून ४० मिमीवर चार भोकं. आकडे हाताने टाइप केले की चित्र अचूक येतं. तीच फाइल चालवली की कधी बरोबर, कधी वर्तुळं थेट आयताच्या कोपऱ्यावर. असं का?
– आयटीआय विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : बाळा, तुझे आकडे बरोबर आहेत, गोंधळ ऑब्जेक्ट स्नॅपचा आहे, म्हणजे बिंदूला जवळच्या कोपऱ्यासारख्या जागी ओढून नेणाऱ्या सोयीचा. मूळ सेटिंगमध्ये हाताने टाइप केलेला बिंदू स्नॅपला जुमानत नाही. स्क्रिप्टमधून आलेल्या बिंदूला मात्र ही सवलत नाही. चित्र झूम आउट असेल तर ४०,४० हा बिंदू पडद्यावर कोपऱ्याला चिकटल्यासारखा असतो, मग स्नॅप त्याला ओढून घेतो. जवळून पाहत असलास तर ओढत नाही. म्हणून ‘कधी कधी’.

फाइलची पहिली ओळ ‘ऑसमोड ०’ अशी ठेव, म्हणजे स्नॅप बंद. काम झालं की ऑसमोडचा जुना आकडा परत टाक, नाहीतर शेजारी बसणारा तुला शिव्या देईल.

आणखी एक. स्क्रिप्टमध्ये स्पेस म्हणजे एंटर. ‘सर्कल ४०,४० ९’ यात स्वल्पविरामानंतर जागा सोडलीस की संपलं. शेवटची ओळही एंटर मारूनच सोड, नाहीतर चौथं वर्तुळ अर्धवट लटकतं.

तो ९ म्हणजे त्रिज्या बरं का! १८ व्यासाच्या भोकाला मी एकदा १८च लिहिलं होतं. प्लेट ड्रिलवर चढेपर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नाही.